साय घुसळताना हँड ब्लेंडर मधेच बंद पडतो? मोटर बदलण्याआधी हे बघा

आठवडाभराची साय साठवायची, शनिवारी रात्री विरजण लावायचं आणि रविवारी सकाळी घुसळून लोणी काढायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. पूर्वी रवी होती, चार वर्षांपासून हँड ब्लेंडर आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र ओळीने चार रविवार एकच तमाशा झाला. साय फिरायला लागली, फुगली, घट्ट झाली, आता कणी धरणार असं वाटलं की ब्लेंडर गप्प. बटण दाबलं तर गुणगुणसुद्धा नाही. मुठीचा वरचा भाग चांगलाच तापलेला आणि आतून गरम वार्निशसारखा वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माळ्यावरची रवी काढून आणली. त्यातच सगळं आलं.

आणि अर्ध्या तासाने ओटा आवरताना सहज बटण दाबलं, तर पठ्ठ्या भुर्र करून सुरू!

तुमच्याकडेही असंच होत असेल, चालता चालता बंद आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक, तर घाबरू नका. जळालेली मोटर आराम करून उठत नाही. बऱ्याच ब्लेंडरमध्ये मोटरच्या गुंडाळीला लागून एक छोटा कट-आउट बसवलेला असतो. दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते ती. तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. इस्त्री तापली की तिचा दिवा विझतो आणि थोड्या वेळाने परत लागतो, तीच ही युक्ती. मिक्सरला बुडाशी लाल बटण असतं, ते आपण दाबून परत चालू करतो. हँड ब्लेंडरमध्ये तसं बटण सहसा नसतं, त्यामुळे वाट बघण्याला पर्याय नाही. काही स्वस्त ब्लेंडरमध्ये या पट्टीऐवजी एकदाच वितळणारा फ्यूज असतो, तो गेला की कितीही थांबा, उठत नाही. आणि काहींमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे वासानंतर थेट धूर येतो. तेव्हा तुमचा बंद पडून परत उठत असेल तर त्या पट्टीचे उपकार माना.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ब्लेंडर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते तसं झालं, तिथे तो झकास चालला. तरी दुकानदाराने मोटर बदलावी लागेल असं सांगितलं आणि नव्या ब्लेंडरच्या निम्म्याहून जास्त किंमत सांगितली. मी तशीच परत आले. पुढे आमच्या गल्लीत पंखे-मिक्सर दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना दाखवला. त्यांनी उघडायच्या आधी विचारलं, "ताई, यात करता काय?"

"साय घुसळते."

"किती?"

"हा एवढा डबा." मी हाताने दाखवलं. दोन लिटरचा असेल.

"फ्रिजमधून काढून लगेच?"

"हो, लगेच."

काका हसले. ब्लेंडर उलटा करून मुठीखालची पत्र्याची पट्टी माझ्यापुढे धरली. चार वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती. तिच्यावर व्होल्ट, वॅट वगैरे झाल्यावर बारीक अक्षरात 'केबी १ मिनिट' असं होतं. याचा अर्थ सलग एक मिनिटाच्या वर चालवू नका, मग निवू द्या. तुमच्या ब्लेंडरवर हा आकडा वेगळा असेल, किंवा सोबतच्या पुस्तिकेत 'इतका वेळ चालू, इतका वेळ बंद' असा असेल. पण कुठेतरी असतोच, शोधा.

घरी येऊन मोबाइलवर वेळ लावली. मी बटण दाबून किती वेळ धरते? ३ मिनिटं १० सेकंद. एक मिनिटाच्या यंत्राकडून मी तिप्पट काम घेत होते, तेही सगळ्यात जड.

आता प्रश्न असा की नेमका लोणी निघायच्या तोंडावरच का बंद पडतो? वेळ संपते हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं सायीत आहे.

सायीतल्या स्निग्धाचे बारीक थेंब सुरुवातीला सुटे असतात, पातं त्यांच्यातून सहज फिरतं. घुसळत गेलं की हवेचे बुडबुडे शिरतात आणि थेंब त्यांच्याभोवती चिकटतात. साय फुगते, घट्ट होते, चमच्याला धरून राहते. केकवाले जिथे थांबतात ती ही पायरी. आपल्याला पुढे जायचं असतं. आणखी घुसळलं की ते जाळं मोडतं, थेंब एकमेकांना चिकटून रव्यासारखी कणी होते आणि ताक सुटतं. ताक सुटलं की पातं पुन्हा हलकं फिरतं. म्हणजे सगळ्या घुसळणीत मोटरवर सर्वांत जास्त ओझं पडतं ते लोणी फुटायच्या जस्ट आधी. तिथेच आपलं मिनिट केव्हाच संपलेलं असतं.

आणि ओझं वाढलं की मोटरची दुहेरी कोंडी होते. वेग कमी होतो, करंट जास्त ओढला जातो. करंट दुप्पट झाला तर गुंडाळीत उष्णता चौपट होते. त्यात तिला गार करणारा छोटा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला, म्हणजे मोटर मंदावली की पंखाही मंदावतो. गरज सर्वांत जास्त तेव्हाच वारा सर्वांत कमी. म्हणून 'दमतोय बिचारा, वेग १ वर करू' असं करून लांबवत बसणं उलट वाईट. वेग कमी म्हणजे मोटरला आराम, हा समज दुधा-ताकापुरता खरा, घट्ट मालात नाही. तिथे भांड्यातला माल कमी करायचा किंवा पातळ करायचा.

घरगुती मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा असतो, माझा हँड ब्लेंडर २०० चा. १९५० साली स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरिनजाके यांनी हाताच्या ब्लेंडरचं पेटंट घेतलं आणि फ्रेंचमधल्या 'फेटणे' आणि 'मिसळणे' या दोन क्रियापदांवरून त्याला 'बामिक्स' हे नाव दिलं. 'घुसळणे' त्यात नव्हतं, ते आपण त्याच्या गळ्यात मारलंय.

तरी घुसळता येतं. मी आता असं करते.

विरजलेली साय फ्रिजमधून काढून आधी बाहेर ठेवते. फ्रिजमधली साय दगडासारखी असते, पातं तिच्यात बोगदा करून एकाच जागी फिरत राहतं. उलट पार कोमट झाली तर लोणी धरत नाही, तेलकट चिकट लगदा होतो. लोण्याला साधारण १२ ते १५ अंश मानवतं. थर्मामीटर नसेल तर हात लावून बघा: माठातल्या पाण्याहून गार, पण फ्रिजच्या बाटलीइतकी बोटं गारठवणारी नको. आमच्याकडे अमरावतीला मे महिन्यात यासाठी दहा मिनिटं पुरतात, थंडीत अर्धा-पाऊण तास लागतो. उन्हाळ्यात पुढे घालायचं पाणी बर्फाचं, हिवाळ्यात साधं.

भांडं बदललं. पूर्वी मी पसरट पातेल्यात घुसळायची, त्यात साय पात्याकडे येतच नाही, आपण ब्लेंडर घेऊन तिच्यामागे फिरतो. आता उंच, अरुंद स्टीलचा डबा घेते आणि तो निम्म्याच्या वर भरत नाही. दोन लिटर साय असेल तर तीन घाणे. कंटाळा येतो खरा, पण सगळं मिळून वेळ पूर्वीपेक्षा कमीच लागतो, कारण मधला अर्ध्या तासाचा उपास वाचतो. पातं पूर्ण बुडवूनच बटण दाबायचं, नाहीतर ओटा, भिंत आणि चष्मा तिन्हीवर साय. दांडा किंचित तिरपा धरायचा. पात्याभोवतीची वाटी डब्याच्या बुडाला टेकवली तर ती तिथे चिकटते आणि आपण ओढत बसतो. बुडापासून बोटभर वर ठेवून सावकाश वर-खाली करायचं.

वेळ: ४० सेकंद चालू, दोन मिनिटं बंद. त्या दोन मिनिटांत कणीक भिजते. साय फुगून घट्ट झाली आणि आवाज जाड झाला, भरल्या घशाने कुणी बोलावं तसा, की लगेच बटण सोडायचं आणि डब्याच्या कडेने वाटीभर गार पाणी ओतायचं. मग पुन्हा ४० सेकंद. बहुतेक वेळा याच फेरीत आवाज बदलतो. घरघर थांबून छळक्-छळक् ऐकू येतं, पात्याभोवती पिवळसर कणी दिसते. इथे ब्लेंडर बाहेर काढायचा. लोण्याचा गोळा करायला पात्याची मदत होत नाही, ते कणी कापत बसतं. डावाने किंवा रवीने दहा-बारा वेळा हलवलं की गोळा आपला आपण वर येतो. म्हणजे सासूबाईंची रवी शेवटच्या मिनिटाला लागतेच. त्यांना हे कळल्यापासून ती माळ्यावर गेलेली नाही.

आणखी एक. आमच्या भागात उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज पडतं, छताचा पंखा सुस्तावतो. अशा वेळी घट्ट काम काढू नका. मी सकाळीच उरकते.

हे सगळं पाळून सुरळीत चाललं होतं. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बंद पडला, आणि या वेळी सायीत नाही, साध्या ताकात. पातळ ताक, वीस सेकंद, आणि मूठ गरम. वेळ पाळूनही, हलक्या मालातही तापत असेल, तर मोटरला भांड्यातलं काही अडवत नाहीये, दांड्यातलं काहीतरी अडवतंय.

प्लग काढला. (बटण नाही, बोर्डाचं बटण नाही, प्लग. तो काढून समोर दिसेल असा ओट्यावर ठेवायचा आणि मगच पात्याजवळ बोट न्यायचं. मूठ हातात धरताना अंगठा नेमका बटणावर जातो.) दांडा मुठीपासून सोडवला आणि लाकडी चमच्याच्या टोकाने पातं ढकलून पाहिलं. मोकळं पातं एका टिचकीत अर्धा-पाऊण फेरा फिरतं. माझं ढकललं तेवढंच सरकून थांबलं. खिडकीशी जाऊन उजेडात पाहिलं, तर पात्याच्या मागे, दांडा वाटीतून बाहेर येतो तिथे एक तपकिरी कडं दिसलं. मी त्याला रबराचा भाग समजत होते. सुईने टोचलं तर त्याचा एक धागा सुटला.

आंबा! गावरान आंब्यांचा रस चार दिवस चालला होता. हापूसचा रस बिनरेषेचा, तिथे हा प्रश्न येत नाही, पण गावरान आंब्याचा बाठा म्हणजे दाढीच असते, आणि मी कोयी काढून गर सरळ ब्लेंडरने फिरवला होता. ते सगळे धागे पात्यामागे रिळावर दोरा गुंडाळावा तसे घट्ट बसले आणि साखरेने वाळून कडक झाले. कोमट पाण्यात फक्त पात्याकडचा भाग दहा मिनिटं बुडवला, मग सुईने एक टोक उचकटायचं, चिमट्याने धरायचं, उलट्या दिशेने सोडवायचं. अर्धा तास गेला. शेवटी कागदावर चिंचोक्याएवढा बोळा जमला. टिचकी मारली तर पातं गरगरलं. त्यानंतर गावरान आंब्याचा रस पूर्वीसारखा हाताने पिळून चाळणीतून काढते, ब्लेंडर लागलाच तर गाळलेल्या रसात. पालक, अंबाडीचे जून देठ, शेवग्याचा गर यांचंही तेच. फिरवून झालं की पात्यामागे एकदा नजर टाका. ओला धागा एका ओढीत निघतो.

आता बाकीच्या तक्रारी, ज्या काकांच्या टेबलाशी उभं राहून ऐकल्या आणि थोड्या घरी अनुभवल्या.

मोटरचा आवाज येतो, पातं फिरत नाही: हा कपलर. मूठ आणि दांडा जिथे जोडले जातात तिथला प्लॅस्टिकचा किंवा रबराचा दातेरी तुकडा. दांडा सोडवून आत बघा, दाते झिजून गोल झालेले दिसतील, कडेला प्लॅस्टिकचा भुगाही असेल. बटण दाबलेलं असतानाच दांडा बसवणे किंवा गोठलेल्या मालात खुपसून सुरू करणे, हे याचं नेहमीचं कारण. कपलर स्वस्तात बदलून मिळतो. जुना नमुना म्हणून सोबत न्या, मापात फरक असतो.

वायर हलवली की चालतो, सोडली की बंद: वायर मुठीत शिरते तिथे आतून तुटली आहे. काम झाल्यावर मुठीभोवती करकचून वायर गुंडाळायची सवय हे घडवते. तुटका भाग कापून पुन्हा जोडून मिळतं. तोवर चिकटपट्टी लावून वापरू नका, त्या जागी ठिणगी पडते. वायर सैल वेटोळं करून ठेवा.

सुरू व्हायला मुठीवर चापट मारावी लागते, वरच्या फटींतून निळ्या ठिणग्या जास्त दिसतात, जळका वास येतो: 'कार्बन गेले.' मोटरला वीज पोचवणारे दोन कांडीसारखे तुकडे घासून संपतात. बदलायचे ते जोडीने. थोडी निळी ठिणगी नेहमीच असते, तिला भिऊ नका.

वेग २ वर चालतो, १ वर नाही: साध्या दोन वेगांच्या ब्लेंडरमध्ये वेग १ साठी बऱ्याचदा एक डायोड लावून निम्मी वीज अडवलेली असते. तो उडाला की १ मरतो. दोन्ही वेग सारखेच झाले तरी संशय त्याच्यावरच. पार्ट काही रुपयांचा, मजुरी काय ती.

बटण दाबलं की नुसतं गुणगुणतं: लगेच सोडा. काहीतरी अडकलंय, आणि अडकलेली मोटर काही सेकंदांत गुंडाळी जाळते. परत परत दाबून बघायचा मोह इथेच नडतो.

ताकात किंवा सूपमध्ये काळपट तवंग दिसला, तर दांड्याच्या टोकाचं रबरी सील गेलेलं असतं आणि आतलं ग्रीस खाली उतरतं. ते ताक टाकून द्या. हे बहुधा धुण्याच्या पद्धतीमुळे होतं. आमच्याकडे कामाच्या ताई दांडा भांड्यांबरोबर बादलीत टाकत. पाणी वरच्या, कपलरकडच्या तोंडातून आत शिरतं, सीलवर साचून राहतं, आतलं बुश (दांड्यातला गज ज्यात फिरतो ती धातूची कडी) गंजतं. मग आधी चीं-चीं आवाज, नंतर काळं पाणी. दांडा कधीच पूर्ण बुडवू नका. काम झाल्या झाल्या उंच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून त्यात पाच-दहा सेकंद चालवा, मग साध्या पाण्यात तसंच. प्लग काढा, पुसा आणि पातं खाली राहील असा टांगा. वाळलेली डाळ नंतर चाकूने खरवडत बसण्यापेक्षा हे सोपं.

नुसतीच चीं-चीं असेल, काळं काही नसेल, तर वरच्या तोंडातून एक थेंब तेल सोडता येतं, पण तेल कोणतं ते बघा. शिलाई मशीनचं नको, ते पोटात जाता कामा नये. खोबरेल, शेंगदाण्याचंही नको, काही दिवसांत ते चिकट होऊन पातं जखडतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एक थेंब. एकच.

गरम डाळ किंवा टोमॅटोचं सार घोटायचं असेल तर आधी गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. उकळी चालू असताना पातं फिरलं की वाफ आणि सार दोन्ही मनगटावर येतात, शिवाय तीच वाफ मुठीत वर शिरते. पुरण, सुकं खोबरं, हळकुंडं, बर्फाचे खडे, वड्याची डाळ ही याची कामं नव्हेत. पुरणाला पुरणयंत्र आहे. मी एकदा होळीला पुरणात ब्लेंडर घातला होता, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

घरी उघडायचा की नाही? गॅरंटीत असेल तर अजिबात नाही, स्क्रू हलल्याची खूण दिसली की गॅरंटी बहुधा गेली. दांडा, पातं, कपलर इथवर आपलं राज्य. मुठीचे स्क्रू काकांनी उघडावेत.

एका बाबतीत मात्र काकांनाही विचारत बसू नका. हँड ब्लेंडरला बहुधा दोनच पिनांचा प्लग असतो आणि मुठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे त्याला अर्थिंग नाही, आतल्या दुहेरी आवरणावर तुमचा हात सुरक्षित आहे. मूठ धरल्यावर हलक्या झिणझिण्या आल्या, किंवा ब्लेंडर मुठीसकट पाण्यात पडला, तर आधी बोर्डाचं बटण बंद, मग प्लग बाहेर, तोही कोरड्या हाताने. पाण्यात पडला असेल तर प्लग निघेपर्यंत त्या पाण्यात हात घालायचा नाही. वाळवून, उन्हात ठेवून तो परत चालूही होईल कदाचित. आमच्या शेजारच्या घरी झाला होता, तरी त्यांनी त्याची वायर कापून भंगारात दिला. वायर कापली ती बरं केलं, नाहीतर पुढच्या घरी तोच ब्लेंडर कुणीतरी परत बोर्डात लावला असता.